पान चौतीस आणि दोन हिरव्या पट्ट्या

आमचा कॉम्प्युटर मिसळणाच्या डब्याएवढा आहे. हे मी उगाच म्हणत नाही. दोन्ही शेजारी ठेवून पाहिलंय, तेव्हा डबाच बोटभर मोठा भरला. महेंद्र कोलशेतच्या एका कंपनीत स्टोअर सांभाळतात. दोन वर्षांपूर्वी कंपनीने जुनी यंत्रं काढली, तेव्हा बाकीच्यांनी फिरत्या खुर्च्या उचलल्या आणि आमच्या यांनी हा डबा आणला. कंपनी भारी शिस्तीची. तिथे खुर्चीला, पंख्याला, कचऱ्याच्या टोपलीलासुद्धा मालमत्ता क्रमांकाची पांढरी चिठ्ठी चिकटवलेली असते. महेंद्र घरी आले की त्यांच्या पाठीवर एखादी नाही ना, हे मी अजून अधूनमधून बघते.

तर या डब्यावर मी स्मरणिका करत होते. कोपरच्या आमच्या बुद्धविहाराला येत्या बुद्धपौर्णिमेला चाळीस वर्षं होणार, म्हणून स्मरणिका काढायचं ठरलं, आणि ती कोण करणार याचा विचार करायला बसलेली अख्खी बैठक माझ्याकडे बघायला लागली. याचं कारण असं की लॉकडाऊनमध्ये, बाकीच्या बायका केक शिकत होत्या तेव्हा, मी व्हिडिओ बघून मराठी टायपिंग आणि पानं लावणं शिकले. 'ज्ञ' सापडायला मला तीन दिवस लागले होते. पण सापडला. तेव्हापासून 'उद्या पाणी येणार नाही' ही सोसायटीची सूचना चौकटीत, फुलाफुलांच्या कडेसकट लागते, आणि लोक पाण्याचं दुःख विसरून कडेकडे बघत उभे राहतात. एवढ्या भांडवलावर मी संपादक झाले.

पहिली तेहतीस पानं विनातक्रार लागली. शुभेच्छा, मनोगतं, पुन्हा शुभेच्छा. घोटाळा झाला तो पान चौतीसला.

विहाराच्या दारात संगमरवरी पाटी आहे. तिच्यावर विहार उभारणाऱ्यांची अकरा नावं कोरलेली आहेत, अकराही पुरुषांची. तिसरं नाव माझ्या सासऱ्यांचं, कुंडलिकरावांचं. ते आता नाहीत, पण पाटीवर छान ठसठशीत आहेत. माझ्या सासूबाई, म्हणजे आई, पाटीपुढून जाताना दर वेळी सांगतात, "रेती टाकली त्या दिवशी तुझे सासरे ड्युटीवर व्हते." ही तक्रार नसते. माहिती असते.

कारण गल्ली अरुंद होती, ट्रक आत येत नव्हता. रेती आणि विटा नाक्यावर पडायच्या आणि तिथून विहारापर्यंत घमेल्यातून डोक्यावर वाहिल्या त्या वस्तीतल्या सत्तावीस बायांनी. घरचं आवरून, दोन महिने. हे आईंना पाठ आहे, बायांच्या नावांसकट. पाटीला माहीत नाही.

म्हणून मी ठरवलं, पान चौतीस ते एक्केचाळीस या बायांचं. विहाराचे चिटणीस भाऊ यांनी जुना अल्बम आणून दिलाच होता. त्यातले फोटो पाहिले. प्रत्येक फोटोच्या मधोमध धुतलेल्या शर्टातले पुरुष, हातात नवीकोरी फावडी. आणि कडेला, कुणाच्या कोपराखालून, कुणाच्या खांद्यामागून, मसुरीच्या दाण्याएवढ्या तोंडांच्या बाया. काहींचं अर्धं तोंड फोटोबाहेर. मग मी प्रत्येक फोटो स्कॅनरच्या सगळ्यात वरच्या पायरीवर स्कॅन केला, की मसूर वाढवून निदान बटाट्याएवढी करता यावी. आई शेजारी बसायच्या. मी चेहरा मोठा करायची, त्या नाव सांगायच्या. "ही पारू. ही गजरा. ही आपल्या दर्शनाची आजी, पदर कसा खोचलाय बघ, तालेवार." आई आता अठ्ठ्याहत्तरच्या. स्वतःच्या नावाची सही येते, त्यापलीकडे अक्षर नाही. पण अशा सव्वीस बाया त्यांनी ओळखल्या.

सत्ताविसावी राहिली. ती एका फोटोच्या अगदी डाव्या टोकाला होती. "जवळ आण तिला," आई म्हणायच्या. मी जवळ आणायला घेतलं की पडद्यावर ते निळं चक्र फिरायला लागायचं आणि फिरतच राहायचं. मी त्या चक्राकडे बघत भाजी निवडलेली आहे. एकदा तर डाळ शिजली, शिट्ट्या झाल्या, कुकर पडला, आणि मग डबा स्वतःहून बंद झाला. लागलेली चार पानं घेऊन.

महिला मंडळाच्या ग्रुपवर मी एवढंच लिहिलं, "यंत्र हँग होतंय." सल्ले येऊ लागले. बंद करून चालू करा. फ्रिजवर ठेवू नका. खाली बर्फ ठेवा. तुळशीकडे तोंड करू नका, असं एकीने लिहिलं आणि मग हटवलं. एकीने गुलाबाच्या फुलाखाली 'लवकर बरे व्हा' पाठवलं. ते मी यंत्राला दाखवलं. फरक पडला नाही.

शेवटी भाऊंना फोन केला. भाऊ साठीचे, सरकारी कचेरीतून निवृत्त झालेले. फाइल जाड झाली की त्यांना अजून घाम येतो.

"जयभीम ताई. झाली का?"

"जयभीम भाऊ. पान चौतीसला अडलीय. फोटो जड होतायत."

"मग काढून टाका ना फोटो. फाइल हलकी होईल. 'महिलांचेही मोलाचे सहकार्य लाभले' अशी एक ओळ टाका. संपलं."

"भाऊ, सत्तावीस बाया आहेत."

"अहो ताई, मी कुठं नाही म्हणतोय? पण प्रेसवाल्याला सोमवारी संध्याकाळी सहाच्या आत फाइल पाहिजे. सहानंतर तो दुसरं काम मशीनवर घेणार. सोमवार सहा. नाहीतर ती आठ पानं सोडून बाकीची छापू. लोकांच्या हातात काहीतरी पडलं पाहिजे की नाही?"

भाऊ वाईट माणूस नाहीत. 'एक ओळ' हे त्यांनी इतक्या सहज म्हटलं की मला राग यायलाही जरा उशीर झाला. फोन ठेवला तेव्हा आई पोळीचं पीठ मळत होत्या. "राहू दे की," त्या म्हणाल्या. "आमचे फोटू कशाला पायजेत." आणि दोन मिनिटांनी, पिठाकडेच बघत, "माझा कितव्या पानावर हाय म्हणालीस?"

"छत्तीस."

"हां. राहू दे."

तो गुरुवार होता. त्याच संध्याकाळी समोरच्या दारातला भावेश आला. भावेश मूळचा कोलशेतचा, खाडीवरच्या कोळ्यांचा. लग्नानंतर इकडे राहायला आला आणि एका ऑफिसात कॉम्प्युटरच्या तक्रारी फोनवर ऐकतो. त्यामुळे त्याला सगळं येतं, फक्त फोनवर. त्याने डब्याला हात लावून पाहिला, जसा तापलेल्या पोराला लावतात, आणि निकाल दिला.

"वहिनी, याच्यात रॅम नाही."

"नसंना का," आई आतून म्हणाल्या. "आपल्याला काय करायचाय?"

"तसा नाही ओ आजी. रॅम, रॅम. मेमरी." मग तो खाली बसून समजवायला लागला. "हे बघा. कॉम्प्युटरची डिस्क म्हणजे गाव. आणि रॅम म्हणजे होडी. काम करायचं तर माणसं गावातून होडीत बसवायची आणि न्यायची. तुमची होडी आठ जीबीची. आणि वहिनींनी सत्तावीस बाया एकदम बसवल्या, त्या पण घमेल्यांसकट. बुडणार ना."

"मग दोन खेपा मारायच्या," आई म्हणाल्या.

भावेशने मान डोलावली. मग आदराने म्हणाला, "तेच करतंय ते आजी. म्हणून तर उशीर लागतो."

आता खरं तर इथेच डबा उघडून बघायला हवा होता. पण मी 'ज्ञ' स्वतः शोधलेली बाई. शुक्रवारी सकाळी पूल ओलांडून डोंबिवली पूर्वेला एका दुकानात गेले. काउंटरवर वैशाली नावाची मुलगी होती, नाव छातीवर लावलेलं, चेहऱ्यावर सगळ्या जगाबद्दल शांत संशय.

"रॅम हवी आहे. आठची."

"लॅपटॉप का डेस्कटॉप?"

या प्रश्नाने मला बरं वाटलं. उत्तर येत होतं. "डेस्कटॉप," मी म्हटलं. "टेबलावर असतो."

तिने मला टेबलावरच्या कॉम्प्युटरची पट्टी दिली. हिरवी, एक कड सोनेरी, माझ्या वितीएवढी लांब. संध्याकाळी भावेशने घरी येऊन चार स्क्रू काढले, झाकण उघडलं, आणि आम्ही तिघं, म्हणजे मी, महेंद्र आणि भावेश, बराच वेळ आत बघत उभे राहिलो. आत दोन पट्ट्या एकीवर एक बसवलेल्या होत्या. त्या माझ्या पट्टीच्या निम्म्या होत्या. मी आणलेली पट्टी त्या अख्ख्या डब्याच्या बाहेर येत होती.

"अगं, हा टेबलावर असतो, पण आतून लॅपटॉप आहे," महेंद्र म्हणाले. हे त्यांना आदल्या दिवशी माहीत नव्हतं. पण नवऱ्यांचा आवाज असा असतो की वाटावं, माहीत होतं.

भावेशने आत टॉर्च मारला. दोन्ही पट्ट्यांवर कंपनीच्या मालमत्ता क्रमांकाच्या पांढऱ्या चिठ्ठ्या, कोपऱ्यापासून कोपऱ्यापर्यंत. खाली काय छापलंय ते दिसायची सोय नव्हती. "घरं दोन," तो म्हणाला. "दोन्ही भरलेली. कॉम्प्युटर आठ दाखवतो. म्हणजे चार आणि चार. दोन्ही काढायच्या आणि आठ-आठच्या घालायच्या. सोळा." गणित इतकं सोपं होतं की ते चुकलेलं असेल अशी शंका तिघांपैकी कुणालाही आली नाही.

शनिवारी पट्टी बदलायला गेले. वैशालीने एक अर्ज पुढे केला. माल बदलण्याचे कारण, आणि खाली दोन चौकोन. 'मालात दोष' आणि 'ग्राहकाची चूक'.

"यातलं काहीच नाही," मी म्हटलं. "हा गैरसमज होता."

"गैरसमजाला चौकोन नाही, मॅडम."

मागे चार माणसं उभी होती. त्यातल्या एकाने घसा साफ केला. मी 'ग्राहकाची चूक' या चौकोनात खूण केली. पन्नाशीच्या बाईने आयुष्यात बऱ्याच चुका पोटात घातलेल्या असतात, पण त्या कुणी छापील चौकोनात मागितलेल्या नसतात. मान ताठ ठेवायची म्हणून मी जरा मोठ्याने म्हटलं, "आता लॅपटॉपच्या द्या. आठ-आठच्या दोन."

"फोर का फाइव्ह?"

"म्हणजे?"

"डीडीआर फोर का फाइव्ह? फोर जुनी, फाइव्ह नवीन."

मागच्या चार माणसांसमोर जुनी कोण मागणार? "नवीनच द्या," मी म्हटलं. आमच्यासारख्यांच्या घरात नवीन वस्तू क्वचित येते. जेव्हा येते तेव्हा ती पूर्ण नवीन असावी, एवढीच माझी अपेक्षा होती.

संध्याकाळी भावेशने जुन्या दोन्ही पट्ट्या काढून स्टीलच्या ताटलीत ठेवल्या आणि नवी लावायला घेतली. लांबी बरोबर होती. मी श्वास सोडला. पण पट्टीच्या सोनेरी कडेला एक खाच असते आणि घरात तिच्या समोर एक दात असतो. आमचा दात एकीकडे, खाच दुसरीकडे. ब्लाउजचे हूक एक घर वर लागावेत तसं.

"दाबू का जरा?" भावेश म्हणाला.

"दाबू नकोस!" मी आणि महेंद्र एकदम म्हणालो. आमच्या लग्नाला सत्तावीस वर्षं झाली. एकमत झाल्याचे प्रसंग असेच, कुणीतरी काहीतरी मोडायला निघाल्यावरचे.

त्या शनिवारी मला झोप नीट लागली नाही हे खरं. पण मी विचार करत होते तो पट्ट्यांचा नव्हे. मी विचार करत होते की मी 'एक ओळ' कशी लिहीन. 'महिलांचेही मोलाचे सहकार्य लाभले.' त्यातला 'ही' मला सारखा टोचत होता. व्याकरणात त्याला शब्दयोगी की काय म्हणतात, मी शाळेत फार पुढे गेले नाही. पण घरात, नळावर, बैठकीत हा 'ही' मी आयुष्यभर ऐकलेला आहे. वहिनींनाही बोलवा. त्याही येऊ देत. आधी सगळं ठरतं आणि मग सगळ्यात शेवटी हा 'ही' लागतो.

रविवारी सकाळी दुकान गाठलं. वैशालीने मला लांबूनच पाहिलं. मी काउंटरपाशी पोचेपर्यंत अर्ज तयार होता आणि 'ग्राहकाची चूक' या चौकोनात तिने स्वतःच खूण केलेली होती.

"मॅडम, एक बोलू?" ती म्हणाली. आवाज पहिल्यांदाच जरा मऊ होता. "तुम्ही जुन्या पट्ट्या घेऊन या. त्यांना बघून मी जोडीच्या देते. खाच, लांबी, सगळं जुळेल. पण लवकर या. आज दोनला बंद, उद्या सोमवार, सुट्टी."

इतकं साधं. जुनं घेऊन या, त्याच्याशी जुळवून देते. ब्लाउजपीस आणताना आपण हेच करतो, साडी सोबत नेतो. हे मला तीन दिवस का सुचलं नाही? अर्ज आणि त्या पट्ट्या तशाच पिशवीत टाकून मी निघाले. रिक्षा केली. घड्याळात साडेबारा. घरी आले तर ताटली टेबलावर नव्हती.

"आई, इथे दोन हिरव्या पट्ट्या होत्या."

"हायत की," मोरीतून आवाज आला. "मी धुतल्या."

मी मोरीच्या दारात उभी राहिले. आईंसमोर वाटी होती. वाटीत रिठ्याचं पाणी, पाण्यावर फेस. बाजूला जुना दात घासायचा ब्रश. फडक्यावर आईंच्या मोत्याच्या कुड्या, पौर्णिमेला घालायच्या म्हणून लखलखीत केलेल्या. आणि कुड्यांच्या शेजारी, तशाच लखलखीत, मेमरी.

"सोन्याला पार अवकळा आलेली," आई म्हणाल्या. "काळं पडलं व्हतं सगळं दातांपाशी. म्हटलं, पोरगी चार दिस झटतीया, निदान वस्तू तरी स्वच्छ असावी. रिठ्यानं सोनं काही खराब होत न्हाई."

तोंड उघडलं असतं तर काय बाहेर पडलं असतं ते सांगता येत नाही, आणि समोर अठ्ठ्याहत्तर वर्षांची बाई पाटावर बसलेली, हातात ब्रश, चेहऱ्यावर चांगलं काम केल्याचं समाधान. मी पट्ट्या उचलल्या. पाणी ठिबकत होतं. या ठिबकत्या पट्ट्या घेऊन वैशालीसमोर जायचं? कुठल्या चौकोनात खूण करायची? ग्राहकाच्या सासूची चूक?

जाऊ की नको करता करता दोन वाजले. दुकान बंद झालं असणार.

महेंद्रनी मोबाइल पाण्यात पडल्यावर करतात तो उपाय केला. पट्ट्या पंख्याखाली पुसून तांदळाच्या डब्यात खुपसल्या. "कुठल्या डब्यात घातल्या?" आईंनी विचारलं. "वाडा कोलममध्ये? रेशनच्या तांदळात घालायच्या व्हत्या की."

मी लॅपटॉप मागायला कुणाकडे जाता येईल याची यादी मनातल्या मनात केली. एकीच्या मुलाचा होता, तो टिटवाळ्याला गेलेला, लॅपटॉपसकट. मग मी कागद घेतला आणि ती एक ओळ लिहून ठेवली. हाताने. 'ही' गाळून लिहून पाहिली, तरी बरी झाली नाही.

आई मागे उभ्या होत्या. त्यांना वाचता येत नाही, पण ओळ एकच आहे हे दिसत होतं.

"एवढंच?" त्या म्हणाल्या.

सोमवारी सकाळी भावेश ऑफिसला जाण्याआधी पायात बूट चढवूनच आला. त्याने तांदूळ झटकून पट्ट्या हातात घेतल्या आणि थांबला. पांढऱ्या चिठ्ठ्या रिठ्याच्या पाण्यात विरघळून गेल्या होत्या. खालचं छापील अक्षर पहिल्यांदाच उघडं झालं होतं.

"वहिनी," तो हळूच म्हणाला. "यावर आठ लिहिलंय."

"बरोबर. आठ जीबी."

"नाही ना. एकीवर आठ. आणि दुसरीवर पण आठ."

मी भावेशकडे बघितलं, भावेशने पट्टीकडे. मग त्याने त्या घरात बसवल्या, खट्, खट्, दोन्ही खाचा दोन्ही दातांवर. बटण दाबलं. डबा नेहमीपेक्षा जरा जास्त वेळ काळाच राहिला. तेवढ्या वेळात मी मनातल्या मनात आईंना माफ केलं, महेंद्रना नाही. मग पडदा उजळला. भावेशने आत जाऊन आकडा काढला. सोळा.

"म्हणजे होती," मी म्हटलं. "पहिल्यापासून सोळाच होती?"

"हो. पण एक पट्टी कळकटली होती, तर तो तिला वाचतच नव्हता. एकीवरच चालवत होता सगळं." मग डोकं खाजवत, "आमच्या ऑफिसात खोडरबराने पुसतात ती कड. आजींनी तेच केलं. जरा ओलं केलं, एवढंच."

नव्या पट्ट्या मी मंगळवारी परत केल्या, खूण केलेल्या त्याच अर्जावर. वैशालीला सगळं सांगितलं. ती ऐकत राहिली आणि शेवटी तिने विचारलं, "रिठा कुठला वापरला?" पण ते नंतरचं.

सोमवारी भावेश गेल्यावर मी एकटी त्या आकड्याकडे बघत बसले. तीन दिवस मी पूल ओलांडून मेमरी शोधत हिंडले. कमी काहीच नव्हतं. जे होतं त्यातलं अर्धं कुणी वाचत नव्हतं, आणि वरून व्यवस्थित चिठ्ठी लावलेली होती.

मग उठून आईंना हाक मारली. "या. सत्ताविसावीला जवळ आणू या."

डाव्या टोकाचा फोटो उघडला. मसुरीचा दाणा मोठा होत गेला. निळं चक्र आलं, एकदा फिरलं आणि निघून गेलं. समोर एका बाईचा चेहरा होता. घामाने केस कपाळाला चिकटलेले, डोक्यावर घमेलं, नजर खाली पायाकडे. आई पुढे सरकल्या, पदराने चष्मा पुसला.

"कानात बघ तिच्या," त्या म्हणाल्या. "एकच कुडी हाय. दुसरा कान मोकळा. ठकूबाई. घुमटाला सिमेंट कमी पडलं तवा तिनं एक कुडी काढून दिली. म्हणाली, एक ऱ्हाऊ दे, एका कानानं ऐकू येतं." आईंनी पडद्याला बोट लावलं. "ठकूबाई. भाऊची आई."

"आपल्या भाऊंची? चिटणीस?"

"मग कुणाची?"

मी नाव टाइप केलं. सत्तावीस चेहरे, सत्तावीस नावं, आठ पानं. पान चौतीस लागलं, पस्तीस लागलं. छत्तीसवर आई जरा थांबायला म्हणाल्या. मी थांबले. मग त्या म्हणाल्या, "हां, चल." पाच वाजून चाळीस मिनिटांनी फाइल भाऊंकडे आणि प्रेसवाल्याकडे गेली. ती एक ओळ लिहिलेला कागद आईंनी उचलला आणि त्यावर रिठ्याच्या बिया सुकायला ठेवल्या.

सहाला पाच कमी असताना फोन वाजला.

"ताई." भाऊ जयभीम म्हणायला विसरले. "पान एक्केचाळीस. ते डावीकडचं."

"हो, भाऊ."

"ती आमची म्हातारी का?"

"आईंनी ओळखलं. कानातल्या एका कुडीवरून."

मग त्यांनी नाक ओढल्यासारखं वाटलं, किंवा फोन एका कानाचा दुसऱ्या कानाला नेला असेल. "घरात तिचा फोटोच नाही ओ," ते म्हणाले. "तो अल्बम चाळीस वर्षं माझ्याच कपाटात होता. मी मधल्या माणसांकडेच बघत होतो."

मी "हो" म्हटलं.

"प्रेसवाल्याला मी सांगितलंय, पंधरा मिनिटं थांब." भाऊ खाकरले, चिटणिसाचा आवाज परत आणायचा प्रयत्न केला, तो आला नाही. "ताई, जरा... तिचा फोटो थोडा मोठा करता येईल का? फाइल जड होईल का?"

"होऊ दे जड," मी म्हटलं. "आता जागा आहे."

मी फोटो पुन्हा उघडला आणि कोपरा धरून ओढायला लागले. आई शेजारीच होत्या. ठकूबाई मोठी होत गेली, तिच्या मागे आणखी एक घमेलं दिसायला लागलं, त्याच्याखाली अर्धा खांदा, अर्धा पदर, फोटोच्या कडेला कापलेला.

"ही कोण, आई?"

"मी," आई म्हणाल्या. "तो फोटूवाला सारखा वरडायचा, बायांनो बाजूला व्हा, बाजूला व्हा." त्यांनी पडद्यावरच्या त्या अर्ध्या खांद्याकडे जरा वेळ बघितलं. "डोक्यावर रेती व्हती. बाजूला हून हून किती व्हणार?"